रंगमंचावर पूर्ण वाक्य कुणाच्या वाट्याला येतं

मराठी नाटकात परप्रांतातला माणूस आला की प्रेक्षक त्याचं म्हणणं ऐकण्याआधी त्याचे उच्चार ऐकतो. गुजराती शेठ, मद्रासी शेजारी, सिंधी व्यापारी, उत्तरेकडचा दूधवाला. एंट्री झाली, लिंग चुकलं, 'ळ'चा 'ल' झाला, हशा आला आणि पात्राचं काम संपलं. पुण्यात बालगंधर्वला आणि भरतला नाटकं बघत मोठं झालेल्या कुणालाही हे ओळखीचं आहे. म्हणून पिंपरी कॅम्पातल्या एका सिंधी बाईवर दोन अंकी नाटक लिहायचं ठरलं तेव्हा खर्ड्याला हात घालण्याआधी मी वहीत एक ओळ लिहून ठेवली : ही बाई आधी पूर्ण वाक्यात बोलेल, अडखळायचं असेल तर नंतर.

नाटकाचं नाव 'मुंबई इलाखा'. पहिल्या टिपणापासून प्रयोगापर्यंत काय घडलं ते इथे लिहिते आहे. 'देश', 'अस्मिता', 'संस्कृती' यांवर परिसंवादात आपण पुष्कळ बोलतो. तालमीत हेच प्रश्न क्रियापदाचे, पॉजचे आणि पापडाचे होऊन येतात, आणि त्यांची उत्तरं त्याच संध्याकाळी द्यावी लागतात.

विषय हाती लागला तो इतिहासाच्या एका साध्या तारखेतून. सिंध प्रांत १ एप्रिल १९३६ रोजी मुंबई इलाख्यातून वेगळा झाला. म्हणजे त्याच्या आदल्या दिवसापर्यंत कराची आणि पुणे एकाच इलाख्यात होती, एकाच गव्हर्नरच्या हाताखाली. इंग्रजांनी सिंध घेतला १८४३ मध्ये. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं. पुढे मुंबई सरकारच्या नोकरीत मराठी माणसं सिंधमध्ये गेली, राहिली, शाळा चालवू लागली. तिथल्या शिक्षणखात्यात काम केलेल्या नारायण जगन्नाथ वैद्यांच्या नावाची शाळा कराचीत आजही उभी आहे. आणि १९४७ नंतर उलट दिशेने माणसं आली. आपल्या घरापासून लोकलने अर्ध्या तासावर असलेल्या पिंपरीत निर्वासितांची वसाहत झाली, आणि आपल्यापैकी बहुतेकांसाठी तिचा अर्थ राहिला तो स्वस्त कापडाचा बाजार एवढाच.

एका इलाख्यातली माणसं अकरा वर्षांत एकमेकांना परदेशी कशी झाली, आणि त्यांतली काही पुन्हा एकाच गावात येऊनही अनोळखी कशी राहिली, हे मला लिहायचं होतं. नाटक तीन दिवसांत बसवलं : १९३६ मधली कराचीतली एक संध्याकाळ, १९४९ मधली पिंपरीतली एक दुपार, आणि १ मे १९६०, महाराष्ट्र राज्य स्थापन झालं तो दिवस. माणसंही मोजकी. ईश्वरी नावाची सिंधी मुलगी, जी पुढे बाई होते. कराचीत शिकवणारे जोगळेकर मास्तर. पिंपरीतली शेजारीण शांताबाई.

लिहायच्या आधी पूर्वसुरींची नाटकं पुन्हा काढली. पुण्यात राहून राष्ट्र आणि रंगभूमी यांवर लिहायचं तर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ला वळसा घालून जाता येत नाही. १९०७ चं नाटक. विराटाच्या दरबारातली सैरंध्री म्हणजे अपमानित देश, कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, संयम शिकवणारा कंकभट म्हणजे मवाळ आणि बल्लव म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सरकारलाही लागलं नाही. १८७६ च्या नाट्यप्रयोगांच्या कायद्याखाली १९१० मध्ये बंदी आली. नाटक म्हणून त्याची बांधणी आजही थक्क करते. पण या वाचनात मला दुसरंच दिसत राहिलं. देश म्हणजे एक स्त्री, तिच्यावर संकट, तिला सोडवणारा पुरुष. पुढची कित्येक वर्षं आपल्या रंगमंचावर देश असाच उभा राहिला. माझ्या नाटकातली स्त्री देशाचं प्रतीक होणार नव्हती. तिला रेशनकार्ड हवं होतं.

त्याहून मागे गेले ती जोतीराव फुल्यांच्या 'तृतीय रत्ना'पाशी. १८५५ मध्ये लिहिलेलं, ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलेलं आणि तिथून नाकारलं गेलेलं नाटक. त्यात जोशी आहे, कुणबी आहे, त्याची बायको आहे, पाद्री आहे, मुसलमान आहे आणि सगळ्यांच्या मध्ये बोलणारा विदूषक आहे. प्रत्येकाला बाजू मांडायला जागा आहे. कुणब्याची बायको केवळ ऐकून घेण्यासाठी उभी नाही. ज्या नाटकाला त्या काळी रंगमंच मिळाला नाही त्यात इतक्या तऱ्हेची माणसं एकमेकांशी बोलतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आणि 'घाशीराम कोतवाल'. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात पीडीएने (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) पहिला प्रयोग केला; जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, माणसांची ती हलती भिंत. वाद झाला, संस्थेने प्रयोग थांबवले आणि नाटक करणाऱ्या मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली. हा इतिहास पुण्यात सगळ्यांना पाठ आहे. वाद सगळा नाना फडणवीस आणि ब्राह्मण यांच्याभोवती फिरला. मला तेंडुलकरांच्या नाटकातली दुसरी गोष्ट जास्त टोचते. घाशीराम बाहेरचा आहे. कनौजहून पोटासाठी पुण्यात आलेला. चोरीचा खोटा आळ येतो, मार खातो, शहराबाहेर हाकलला जातो. त्याच्या क्रौर्याचं समर्थन कुणीच करणार नाही, पण त्याला घडवलं ते या शहराच्या दाराने, जे त्याच्या तोंडावर बंद झालं. पुण्यातला परका माणूस हा विषय पुण्याच्याच सर्वांत गाजलेल्या नाटकाच्या पोटात होता, आणि त्याबद्दल आपण फारसं बोललो नाही.

पुस्तकं झाल्यावर पिंपरीत गेले. एका मैत्रिणीच्या ओळखीने कॅम्पातल्या एका आजींकडे बसायला मिळालं. त्या कराची सोडली तेव्हा शाळकरी होत्या. दारातच पाणी आणि भाजलेला पापड पुढे आला. सिंधी घरात पाहुण्याला हे आधी, चहा नंतर. मी सिंधीतलं एखादं वाक्य पाठ करून गेले होते. आजींनी ते ऐकून घेतलं आणि खणखणीत मराठीत म्हणाल्या, "बस गं आरामात. मी पन्नास वर्षं दुकानावर बसले आहे. मराठी गिऱ्हाइकाशी मराठीत भांडता आलं नाही तर दुकान चालेल का?"

त्यांनी मला एकच अट घातली. "रडणारी सिंधी बाई नको दाखवूस. माझी आई बोटीतून मुंबईला उतरली तेव्हा तिच्याजवळ एक पेटी होती. रडली असेल, रात्री. आम्ही नाही पाहिलं. आम्ही पाहिलं ते पापड लाटताना."

घरी येऊन दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीची, पेटी छातीशी धरून ईश्वरी उभी आहे अशी रंगसूचना काढली. त्या जागी आता शिरगणतीला आलेला कारकून आहे आणि ईश्वरी त्याला आधी पापड देते, मग माणसं मोजू देते. तिच्या घरात त्या दिवशी दुसरं काही नाही, हे प्रेक्षकाला कळतं. कारकुनाला कळत नाही.

आता मुख्य मुद्दा, भाषेचा. नाटक मराठी, प्रेक्षक मराठी, आणि पहिल्या अंकातली पात्रं कराचीतल्या घरात सिंधी बोलत असणार. पहिल्या वाचनाला दिग्दर्शक म्हणाला, "ईश्वरीला थोडा टोन देऊ या. नाहीतर ती सदाशिव पेठेतली वाटेल." त्याचं म्हणणं वरवरचं नव्हतं. ती सिंधी आहे हे प्रेक्षकाने विसरू नये, ही त्याची काळजी खरी होती. पण टोन दिला की ती पहिल्या वाक्यापासून 'दुसरी' होते आणि तिच्या विचारांपर्यंत कुणी पोचत नाही. माणूस आपल्या घरात, आपल्या आईशी बोलताना अडखळत नाही. मग रंगमंचावर तिने का अडखळावं?

यातून जो नियम निघाला त्यावर सगळं नाटक उभं आहे. ज्या घराचा प्रवेश, त्या घराची भाषा म्हणजे अस्खलित मराठी. कराचीच्या प्रवेशात ईश्वरी, तिचा भाऊ, तिची आई म्हणींसकट, ठसक्यात, पूर्ण वाक्यांत बोलतात. तिथे पाहुणे आलेले जोगळेकर मास्तर सिंधी बोलायचा प्रयत्न करतात, म्हणून तुटक बोलतात ते मास्तर. "मी... पाणी... खूप चांगलं... आहे, हे घर." सिंधी घर त्यांना हसतं, प्रेमाने हसतं. दुसऱ्या अंकात पिंपरी. आता शांताबाईच्या ओट्यावर अस्खलित आहे ती शांताबाई, आणि तुटक बोलते ईश्वरी. तीच ईश्वरी, जिचा विनोद, जिचा राग, जिचं शहाणपण प्रेक्षकाने अर्धा तास ऐकलेलं आहे. ती "मला... कार्ड... कधी?" म्हणते तेव्हा हसायला काही उरत नाही, कारण त्या तीन शब्दांमागचं अख्खं वाक्य प्रेक्षकाच्या कानात असतं.

कागदावर हे पटलं. तालमीत मात्र मास्तरांची भूमिका करणाऱ्या नटाने पहिल्याच दिवशी सवयीने हेल काढला. तो उत्तम नट आहे आणि असल्या भूमिकांवर त्याने टाळ्या घेतलेल्या आहेत. दिग्दर्शकाने त्याला थांबवून एक वेगळा खेळ लावला. आमच्या गटातल्या एका मुलाची मातृभाषा कानडी. त्याच्यासमोर नटाला बसवलं आणि सांगितलं, तू आजारी आहेस, घरी निरोप धाडायचा आहे, मराठी-हिंदी-इंग्रजी वापरायची नाही. आमच्या नटाला कानडीचे चार शब्द येत होते. तो घामाघूम झाला. हात पुढे गेले, डोळे समोरच्याच्या ओठांवर खिळले, प्रत्येक शब्दाआधी श्वास अडकला. खेळ संपल्यावर तो बराच वेळ बोलला नाही, आणि मग म्हणाला, "अरे, हा माणूस बावळट नाहीये. हा शोधतोय." त्या संध्याकाळपासून मास्तर सापडले. हेल गेला, शोध आला. ईश्वरी करणारी मुलगी पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेतून आलेली, चटपटीत, शब्दांवर हुकमत असलेली. तिने हे नुसतं पाहून उचललं आणि दुसऱ्या अंकात वापरलं.

राष्ट्रगीताचा प्रश्नही तालमीतच आला. शेवटच्या प्रवेशात ईश्वरीची मुलगी शाळेतून येते. तिने 'जन गण मन' म्हणावं, त्यात सिंधचा उल्लेख यावा आणि त्यावर पडदा, अशी सूचना गटातल्या दोघातिघांकडून आली. राष्ट्रगीतातून सिंधचा उल्लेख काढावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती आणि २००५ मध्ये ती फेटाळली गेली, हेही कुणीतरी सांगितलं. कल्पना परिणामकारक होती यात शंका नाही. मी नको म्हटलं. एक कारण अगदी व्यवहाराचं : राष्ट्रगीत सुरू झालं की प्रेक्षागृह उभं राहणार, राहिलंच पाहिजे, आणि उभा राहिलेला प्रेक्षक नाटकातून बाहेर पडलेला असतो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ती टाळी राष्ट्रगीताची असते, माझ्या पात्रांनी कमावलेली नसते. ईश्वरीचा प्रश्न त्या टाळीत बुडून गेला असता.

तो प्रश्न १ मे १९६० च्या प्रवेशात आहे आणि याच प्रवेशाने मला सगळ्यात जास्त झगडायला लावलं. रेडिओ चालू आहे, गल्लीत गुलाल आहे, शांताबाई पेढे घेऊन येते. एव्हाना ईश्वरीची मराठी पुष्कळ सुधारली आहे. ती पेढा खाते आणि विचारते, "तुमच्या भाषेला तुमचं राज्य मिळालं, मला आनंद आहे, शांताबाई. माझ्या भाषेचं राज्य कुठल्या तारखेला येणार?" भाषावार प्रांतरचनेत सिंधीला भूभाग नव्हताच, तो सीमेपलीकडे राहिला. घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळायलासुद्धा १९६७ उजाडलं.

यावर शांताबाईने काय बोलावं? वाचनाला आलेल्या एका जाणत्या रंगकर्मींचं मत होतं की तिने काहीतरी कोतं बोलावं, म्हणजे संघर्ष धारदार होईल. मला ते अन्यायाचं वाटलं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ही काही कोत्या मनाच्या माणसांनी लढलेली नाही. माझ्या आजोळी त्या आठवणी देवघरातल्यासारख्या जपल्या जायच्या. ईश्वरीला पूर्ण वाक्य द्यायचं म्हणून शांताबाईचं वाक्य तोडायचं, तर मग मी केलं काय? एकीकडचा हेल उचलून दुसरीकडे ठेवला, एवढंच. शांताबाईसाठी कितीतरी उत्तरं लिहिली आणि खोडली. शेवटी तिला उत्तर द्यायलाच लावलं नाही. ती आपल्या भाच्याची गोष्ट सांगते, जो १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये फ्लोरा फाउंटनच्या गोळीबारात सापडला आणि ज्याचा पाय कायमचा गेला. "हा पेढा फुकट आलेला नाही गं," एवढं म्हणते. ईश्वरी पापड आणायला आत जाते. दोघींपैकी कुणीच जिंकत नाही. दोघींनी मोल दिलेलं आहे, वेगवेगळ्या गोष्टींचं, आणि एका ओट्यावर बसून त्या ते एकमेकींना सांगतात.

पापड विंगेत शेगडीवर खरा भाजायचा असं ठरलं. प्रकाशयोजना करणारा आधी कुरकुरला, पण छोट्या नाट्यगृहात तो वास तिसऱ्या रांगेपर्यंत जातो हे रंगीत तालमीत कळल्यावर त्यानेच शेगडीची जागा नक्की केली. नेपथ्य, वेशभूषा यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पैसे कमी होते, एक खाट आणि एक ओटा यांत भागवलं.

संहिता सेन्सॉरला टाकली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. १ मेच्या प्रवेशावर काही विचारणा होईल अशी मनाची तयारी केली होती. एकही शब्द न कापता प्रमाणपत्र आलं. तरीही लिखित शब्द आधी कुणालातरी दाखवून मग बोलायचा, ही पद्धत मला मान्य नाही. ज्या शहराने 'कीचकवधा'वरची बंदी पाहिली त्याने याबद्दल अधिक बोलायला हवं.

पहिला प्रयोग शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचावर झाला. मास्तरांच्या तुटक बोलण्यावर भरपूर हशा आला, तो आम्हाला हवा होता. दुसऱ्या अंकात ईश्वरी कारकुनासमोर तसंच बोलू लागली तेव्हा एकदोन जण सवयीने हसले आणि मध्येच थांबले. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते; लिहिताना ज्या क्षणाची कल्पना केली होती तो बरोबर त्याच वाक्यावर आला.

प्रयोगानंतर एक ज्येष्ठ गृहस्थ थांबले. आवाजात राग होता, पण आदब सुटली नव्हती. म्हणाले, "सगळं चांगलं आहे. पण त्याच दिवशी हा प्रश्न तिने विचारायला हवा होता का? आमच्या आनंदाचा दिवस होता तो." मी त्यांना म्हटलं की तिने तो दुसऱ्या कुठल्याही दिवशी विचारला असता तर आपल्याला ऐकू आला नसता. त्यांना पटलं नाही. पण ते बसले, आणि चळवळीत त्यांच्या घरातून कोण कोण तुरुंगात गेलं ते सांगत राहिले. शांताबाईच्या भाच्याला त्यांच्या सांगण्यातले काही तपशील मी नंतर दिले, त्यांची परवानगी घेऊन.

यानंतर नाटक पिंपरीला न्यायचं होतंच. संत तुकारामनगरचं आचार्य अत्रे रंगमंदिर मिळालं. संयुक्त महाराष्ट्रासाठी लेखणी आणि वाणी झिजवलेल्या माणसाच्या नावाच्या रंगमंचावर ईश्वरीने तो प्रश्न विचारणं मला योग्यच वाटलं. अत्र्यांना वाद वर्ज्य नव्हता. कॅम्पातली बरीच कुटुंबं आली. आजी पहिल्या रांगेत होत्या. पुण्यात जिथे शांतता पसरायची तिथे, कारकुनाच्या प्रवेशात, इथे खदखदून हसू आलं. आमची ईश्वरी क्षणभर बावरली. मग लक्षात आलं की ते तिला हसत नव्हते. कारकुनाला हसत होते. पुढ्यात काय ठेवलंय हे न बघता तो वहीत डोकं घालून नावं चुकीची लिहीत होता, आणि त्या प्रेक्षागृहातल्या अनेकांच्या कागदांवर अशी चुकलेली नावं आजही असणार.

त्या हशाने प्रवेशाचा तोल बदलला. आता आम्ही कारकुनाला दोन नावं जास्त दिली आहेत, आणि ईश्वरी त्याच्या वहीत वाकून एक नाव स्वतः दुरुस्त करते. तिची मराठी अजून आलेली नाही, पण आपलं नाव कसं लिहायचं ते तिला ठाऊक आहे. आजींना प्रयोग कसा वाटला विचारलं तर म्हणाल्या, "पापड थोडा जास्त भाजलात." पुढच्या तालमीला त्या स्वतः येणार आहेत, मंद आचेवर कसा धरायचा ते दाखवायला.